पंडिता रमाबाई : धर्मस्वीकार, स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी मराठीत सामान्यतः दोन प्रकारांनी झालेली आहे. सामाजिक सुधारणेचा इतिहास लिहिणारे आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आणि शारदा सदन यांची आदराने नोंद घेतात, पण १८८३ मधील त्यांच्या धर्मांतराशी येताच काहीसे अडखळतात. ते जणू एका थोर जीवनातील दुर्दैवी वळण असावे, अशा स्वरात त्याचा उल्लेख उरकला जातो. उलटपक्षी मिशनरी चरित्रकारांना त्या धर्मांतरापूर्वीचे सारे जीवन केवळ प्रस्तावनेसारखे वाटते. या दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. जी स्त्री आपला धर्म सोडून दुसऱ्या धर्मात गेली आणि त्या धर्माच्या अधिकाऱ्यांशीही लगेच भांडली, तिची स्वातंत्र्याची कल्पना नेमकी कोणती होती? रमाबाई आणि त्यांच्या इंग्लंडमधील धर्मगुरुभगिनी यांच्यातील पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्यापासून या प्रश्नाचा विचार करण्यास पुरेसे साधन उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात रमाबाईंचे चरित्र त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न शास्त्री. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढे स्वतःचे समर्थनही केले. ही गोष्ट नेहमी स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात सांगितली जाते व ते योग्यच आहे. तथापि तिच्यात आणखी एक धागा आहे. अनंतशास्त्र्यांनी शास्त्र नाकारले नव्हते. त्यांनी शास्त्रे स्वतः वाचली, स्वतः अर्थ लावला आणि त्या अर्थाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. लेकीने पुढे बायबलाच्या बाबतीत जे केले त्याचा पहिला धडा तिला येथे मिळाला असे म्हणावयास हरकत नाही. संस्कृत तिला शिकविले ते मात्र आईने. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या त्या कुटुंबात पहाटेची वेळ मायलेकींच्या अध्ययनाची असे.

दक्षिणेतील दुष्काळात हे कुटुंब होरपळून निघाले. होते नव्हते ते दानधर्मात आणि देवदर्शनात गेले होते. ब्राह्मणाने अंगमेहनत करून पोट भरणे कमीपणाचे, ही समजूत मात्र शिल्लक होती. दुष्काळाच्या आठवणी रमाबाईंनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. देव द्रव्य देईल या आशेने केलेली व्रते, विकलेली भांडीकुंडी, पानांवर काढलेले दिवस आणि शेवटी जलसमाधी घेण्याचा वडिलांचा विचार हे सारे त्या अत्यंत कोरडेपणाने सांगतात. त्या प्रसंगी थोरला भाऊ श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याचा निश्चय केला. तो निश्चय वेळेवर उपयोगी पडला नाही. १८७४ मध्ये आधी वडील आणि मग आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. पण रमाबाईंच्या आठवणीत श्रीनिवासाचा तो निश्चय ठळक राहिला. मनुष्याने आपल्या वाट्याचे काम दैवावर सोपवून मोकळे होऊ नये, हा विचार त्यांच्या जीवनात बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी, भुकेच्या अनुभवातून आलेला आहे. त्यांच्या ख्रिस्तीपणाची चर्चा करताना हा क्रम विसरता कामा नये.

भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिला; स्त्रीला वेदाचा अधिकार नाही या निर्बंधाचे ओझे तिथे उतरले. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या, त्या काळी शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक ही तिन्ही त्याच वर्षातील. ‘स्त्रीधर्मनीति’ आजच्या वाचकाला काहीशी सोवळी वाटेल. गृहिणीची कर्तव्ये, पतीशी वर्तन, आळसाची निंदा असे तिचे विषय आहेत. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारा स्वावलंबनाचा आग्रह मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. लेखिका स्त्रियांना दुर्बल म्हणून कुरवाळत नाही. आपल्या स्थितीस आपणही काही अंशी उत्तरदायी आहोत असे त्यांना बजावते. स्त्रियांवर असा दोष ठेवणे अन्यायाचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्याला उत्तरदायी धरावयाचे त्याला आधी कर्ता मानावे लागते, हेही खरे.

याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडचे भाडे भरले. हा तपशील किरकोळ नाही. पुण्यातील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने वाँटेज येथे त्यांची सोय केली, त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे असे ठरले. कुणाच्या उपकाराखाली राहावयाचे नाही, ही त्यांची अट होती. वैद्यकीचा अभ्यास करण्याचा हेतू होता, पण बहिरेपणामुळे तो सोडावा लागला. धर्मांतर करणार नाही असे त्या निघताना सांगून गेल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची कारणे त्यांनी स्वतः पुढे दोन प्रकारची सांगितली आहेत. एक अनुभवाचे. फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले गृह त्यांनी पाहिले आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचावयास मिळाली. पतित स्त्रीशी कोणी असे बोलू शकतो, हे त्यांना आपल्या शास्त्रग्रंथांत आढळले नव्हते. दुसरे कारण बुद्धीचे. नेहेम्या गोरे यांच्या पत्राने त्यांच्या शंकांचे बरेच निरसन केले. येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. नीळकंठशास्त्री गोरे काशीच्या विद्वत्परंपरेतले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यांनाही आयुष्यभर शंकांनी पछाडले, आणि त्या शंकांवरचा उपाय म्हणून ते उत्तरोत्तर चर्चच्या अधिकाराच्या आश्रयाला गेले. रमाबाई त्यांच्या तर्कामुळे ख्रिस्ती झाल्या, पण त्यांच्या मार्गाने पुढे गेल्या नाहीत. एकाच पांडित्यपरंपरेतून आलेल्या या दोघांची तुलना मराठीत अद्याप व्हावी तशी झालेली नाही.

बाप्तिस्म्यानंतर वर्षभरातच संघर्षाला तोंड फुटले. रमाबाई आता चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात होत्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि गणित, इंग्रजी, शास्त्रे शिकत. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर लोभ होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली तेव्हा लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. त्यामुळे स्वदेशातील लोकांत त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंना हसू आले असेल की संताप, हे सांगता येत नाही. पत्रांत संताप आहे. हिंदुस्थानात भरसभेत पंडितांपुढे बोललेल्या स्त्रीला हिंदुस्थानी लोक काय म्हणतील हे इंग्रज धर्माधिकारी सांगत होते. त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळविले की या बाबतीत आपला निर्णय आपण घेऊ. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही.

सिस्टर जेराल्डीन यांनी याला अहंकार म्हटले. मराठी वाचकाने जेराल्डीनबाईंना खलनायिका ठरविण्याची घाई करू नये. रमाबाईंवर त्यांचे प्रेम होते आणि त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. ख्रिस्ती परंपरेत स्वातंत्र्य म्हणजे स्वैरता नव्हे. आज्ञापालनातूनच मनुष्य स्वतःच्या इच्छेच्या बंदिवासातून सुटतो, ही भूमिका प्राचीन आणि आदरणीय आहे. रमाबाईंनी तिचा पहिला भाग मान्य केला. स्वातंत्र्य आणि बेबंदपणा एक नव्हेत, हे त्यांना पटत होते. मतभेद होता तो आज्ञा कुणाची, या मुद्द्यावर. देवाच्या नियमाचे पालन निराळे आणि बिशपाच्या मताचे पालन निराळे, असे त्यांचे म्हणणे. देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली ती प्रत्येकास स्वतंत्रपणे. तिचा जाब तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारणार. तेव्हा ती दुसऱ्याच्या हवाली करणे हीच जबाबदारीतली कसूर. म्हणजे रमाबाईंच्या लेखी स्वातंत्र्य हा देवापुढील उत्तरदायित्वातून निघणारा भाग आहे, व्यक्तीचा केवळ हक्क नाही. जिला उत्तर द्यावयाचे आहे तिनेच निर्णय घेतला पाहिजे.

वादाचे विषय वरवर पाहता विस्कळीत वाटतात. पवित्र त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार त्यांना पटत नव्हता, आणि न पटलेले आपण मान्य केले असे म्हणावयास त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीचे घटक झालो, केवळ इंग्लंडच्या चर्चचे नव्हे, असे त्या म्हणत. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी त्यांना आपल्या भाषेतील अक्षरे हवी होती. मांसाहाराला नकार होता. आणि या सगळ्यात सर्वांत नाजूक विषय होता मनोरमेचा. तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे हे आईने ठरवावयाचे की तिचा सांभाळ करणाऱ्या भगिनींनी? आपल्याला जे पटलेले नाही ते आपल्या मुलीला शिकवू नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. येथे त्यांच्या भूमिकेतील एक अडचण उघड होते. अडीच वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्मा आईच्या निर्णयाने झाला होता. स्वतःच्या विवेकाला जे स्थान त्या मागत होत्या, ते मुलीच्या विवेकाला कधी मिळणार होते? पत्रव्यवहारात या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पुढे केडगावात तो शेकडो पटींनी मोठा होऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले आणि बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये निघाले. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याला आजही पुरेशी जागा मिळालेली नाही, एवढेच येथे नोंदवितो. महाराष्ट्रात या काळात त्यांच्या धर्मांतरावर टीकेचे मोहोळ उठले होते; जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हा सन्माननीय अपवाद.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. असोसिएशनच्या नियमाप्रमाणे संस्था धर्मनिरपेक्ष होती. विधवांना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. रमाबाईंचा स्वतःचा परिपाठ असा की रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचावयाचे व प्रार्थना करावयाची. खोलीचे दार उघडे असे. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला बोलवावयाचे नाही आणि हाकलावयाचेही नाही. काही मुली येऊ लागल्या. ‘केसरी’ने रान उठविले. सल्लागारांनी मुलींना प्रार्थनेस येण्यास मनाई करावी असे सुचविले, आणि रमाबाईंनी नकार दिल्यावर ऑगस्ट १८९३ मध्ये मंडळाने राजीनामा दिला. सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या प्रसंगी न्याय कुणाच्या बाजूस होता, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ मते दिली जात आहेत. प्रस्तुत लेखकाला दोन्ही पक्षांची बाजू थोडी थोडी दिसते. आपल्या घरात आपण प्रार्थना कशी करावी यावर दुसऱ्याने दार लावण्याची अट घालावी, हे रमाबाईंना मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांनी वाँटेजलाही तसे मान्य केले नव्हते. मुलींना मनाई करणे म्हणजे त्यांचा निर्णय आपण घेणे, हा त्यांचा मुद्दाही सुसंगत आहे. पण आश्रयास आलेली, सासर-माहेर तुटलेली बारा-पंधरा वर्षांची मुलगी आणि तिला पहिल्यांदाच माणूस म्हणून वागविणारी बाई, यांच्यात उघडे दार हे नुसते उघडे दार राहत नाही. माया हेही एक आमंत्रण असते. शिवाय सल्लागारांना वाटले तसा बदल रमाबाईंत खरोखरच झाला होता. १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचून, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही असे त्यांना जाणवले होते आणि त्यानंतरची त्यांची श्रद्धा पूर्वीच्या चिकित्सक श्रद्धेहून अधिक उत्कट होती. १८८९ मध्ये दिलेले तटस्थतेचे वचन त्या अक्षरशः पाळीत होत्या; वचन देणारी व्यक्ती मात्र पालटली होती.

याच काळातील दुसरा एक प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १८९० च्या पंचहौद मिशन प्रकरणात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल पुण्यातील नामवंतांवर बहिष्काराचे संकट आले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत दिलेल्या वृत्तान्तावरून दिसते की स्वतःला त्याची गरज वाटत नसताना, अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी त्यांनी ते केले. त्यांनाही भित्रे म्हणणे सोपे आहे. रानड्यांच्या दृष्टीने जबाबदारी ही बरोबरच्या माणसांशी होती. समाज पुढे न्यावयाचा तर त्याच्याबरोबर चालले पाहिजे. रमाबाईंच्या दृष्टीने ती प्रथम देवाशी होती आणि तिथे बरोबर कुणालाही नेता येत नव्हते. १८९३ मधील फाटाफूट या दोन नीतिकल्पनांची होती. तिला केवळ हिंदू-ख्रिस्ती वाद म्हणणे म्हणजे तिचे अर्धेच आकलन होय. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी हिंदू समाजाच्या विश्वासाला तडा न देता चालेल असे विधवागृह उभारण्यास आरंभ केला. ती एका अर्थी रानड्यांच्या वाटेची पूर्तता होती.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या बाळपणीचा दुष्काळ आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगाव येथील शेतावर ठेवावे लागले. तेथून मुक्ती सदन वाढले. १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी रुग्णालयातील स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांनी जाहीर टीका केली, आणि सरकारने ती नाकारली. बिशप असो की गव्हर्नर, त्यांच्या वागणुकीत फरक दिसत नाही. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध स्त्रियांसाठी बार्टिमी सदन, सर्व कामे स्त्रियाच करीत.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते; तटस्थतेचे बंधन आता राहिले नव्हते. मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले आणि १९०५ मधील धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत तर तेथे दिवस-रात्र प्रार्थना चालत. मनोरमेच्या संदर्भात अनुत्तरित राहिलेला प्रश्न येथे टाळता येत नाही. न समजलेल्या सिद्धान्ताला होकार देण्यास १८८५ मध्ये नकार देणाऱ्या बाईंनी, उपासमारीतून वाचविलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलींचा होकार कोणत्या अर्थाने स्वतंत्र मानला? अन्न देणाऱ्याचा धर्म स्वीकारताना विवेक किती जागा असतो? रमाबाईंचे चाहते हा प्रश्न द्वेषमूलक मानतात, टीकाकार त्याला निर्णायक मानतात. माझ्या मते तो रमाबाईंच्याच विचारातून उद्भवणारा असल्यामुळे त्यांच्या चरित्रकाराला तो विचारावाच लागतो. त्यांच्या बाजूने एवढे सांगता येईल की त्यांनी मुलींना केवळ उपासक करून ठेवले नाही; प्रत्येकीला वाचावयास आणि एखादे काम करून पोट भरावयास शिकविले. जिला अक्षर येते आणि जी कमावते तिला पुढे वेगळा निर्णय घेता येतो. ज्यांनी तो घेतला असेल त्यांची हकिगत मात्र कुणी लिहून ठेवली नाही.

आयुष्याच्या अखेरच्या दीड तपाचे काम होते बायबलाचे भाषांतर. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायकांना कळत नाही, असे त्यांना वाटे. संस्कृतात ज्यांनी पदव्या मिळविल्या त्यांनीच ही तक्रार करावी यात काही विसंगती नाही. आईकडून पाठ केलेले अमरकोश आणि भागवत किती स्त्रियांच्या आवाक्याबाहेर होते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर साधे ठेवले, इतके की काही ठिकाणी वाक्य ओबडधोबड होते. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर यशस्वी आहे असे म्हणवत नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहण्याचा अट्टाहास मराठी वाक्यरचनेला पेलत नाही. परंतु त्यामागील हेतू चेल्टनहॅमच्या पत्रांशी जोडून पाहिला पाहिजे. पुरोहिताने अर्थ सांगावा आणि बाईने ऐकावा, ही व्यवस्था त्यांना दोन्ही धर्मांत नको होती. केडगावच्या बाईला शास्त्र स्वतः वाचता आले तरच त्याचे उत्तर तिच्याकडून मागता येईल.

मनोरमा पुढे आईच्या खटाटोपात तिचा उजवा हात झाली होती. ती २४ जुलै १९२१ रोजी मिरजेत वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ गेले होते, आणि शेवटची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. ती त्यांनी तपासली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्ती सदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी दुष्काळात तेथे आल्या तेव्हा निरक्षर होत्या.